मोफत महिन्याचा आवळा

उंच टॉवरमधला स्टुडिओ, म्हणजे एकखणी घर, भाड्याने द्यायची जाहिरात कुठल्याही मोठ्या शहराच्या व्यापारी भागातली असो, तिच्यात दोन गोष्टी हमखास ठळक असतात. एक, खिडकीतून दिसणारे शहर. दुसरी, ‘एक महिना मोफत’. खिडकीकडे पुढे येऊच. आधी या मोफत महिन्याचे बोलू, कारण भाडेकरू सगळ्यात जास्त फसतो तो इथेच, आणि तोही राजीखुशीने.

महिन्याचे भाडे १०० मानू. करार बारा महिन्यांचा, त्यात एक महिना मोफत. म्हणजे वर्षाचे भरायचे ११००, सरासरी महिन्याला ९१.६७. वर्ष सरत आले की नूतनीकरणाचे पत्र येते: ‘यंदा फक्त पाच टक्के वाढ.’ पाच टक्के कशावर? ९१.६७ वर नाही, १०० वर. नवे भाडे १०५, वर्षाचे १२६०. गेल्या वर्षी खिशातून गेले ११००, यंदा जाणार १२६०. ही वाढ पाच टक्क्यांची नव्हे, साडेचौदा टक्क्यांची झाली. मालकाने मोठ्या मनाने ‘यंदा वाढच नाही’ असे कळवले, तरी वाढ नऊ टक्क्यांची होतेच. चौदा महिन्यांच्या करारात दोन महिने मोफत असतील तर आकडा आणखी बोचरा: सरासरी ८५.७१, आणि ‘फक्त पाच टक्के’ म्हणजे साडेबावीस. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. फक्त इथे आवळा पहिल्या महिन्यात हातात पडतो आणि कोहळा जातो करार संपल्यावर, त्यामुळे दोन्हींचा संबंध फारसा कोणी लावत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की जाहिरातीत छापायचा, करारात लिहायचा आणि पुढच्या वाढीसाठी पाया धरायचा भाड्याचा आकडा एकच असावा, आणि तो भाडेकरूने प्रत्यक्ष भरायच्या सगळ्या सक्तीच्या पैशांना राहायच्या महिन्यांनी भागून आलेला असावा. हे कायद्याने व्हावे. भाडे किती असावे हे सरकारने ठरवावे असे मी म्हणत नाही. उंच टॉवरमधल्या आलिशान स्टुडिओचे भाडे सरकारने बांधून द्यावे, अशी सहानुभूती कुणाकडून मिळणारही नाही. पण जे भाडे आहे ते खरे सांगा, ही मागणी आलिशान घराला लागू नाही असे थोडेच आहे?

मालक सरळ भाडेच कमी का करत नाही, हा प्रश्न इथे पडायला हवा. महिना मोफत देण्यात त्याचे ८.३३ टक्के जातातच. मग १०० चे ९२ करायला काय हरकत आहे? हरकत आहे ती इमारतीच्या किमतीची. भाड्यासाठी बांधलेल्या टॉवरची किंमत विटा-सिमेंटावरून ठरत नाही, वर्षाच्या निव्वळ उत्पन्नावरून ठरते. खरेदीदाराला पाच टक्के परतावा हवा असेल तर उत्पन्न भागिले ०.०५, म्हणजे उत्पन्नाच्या वीसपट. तीनशे घरांच्या टॉवरमध्ये भाडे १०० वरून ९२ वर आणले तर वर्षाला ८ गुणिले १२ गुणिले ३००, म्हणजे २८,८०० कमी येतात. लिफ्ट, सुरक्षा, साफसफाई यांचा खर्च भाड्याबरोबर कमी होत नाही, त्यामुळे ही सगळी घट निव्वळ उत्पन्नात उतरते आणि कागदावरची किंमत वीसपटीने, ५,७६,००० ने खाली येते. याउलट प्रत्येक घराला एक महिना मोफत दिला तर जातात ३०,०००, आणि ते ‘सुरुवातीला घरे भरण्याचा खर्च’ या रकान्यात एकदाच दाखवता येतात. कर्ज देणारी बँक बघते ती भाड्याची यादी; त्या यादीत प्रत्येक घरापुढे १०० लिहिलेले असते. नीट काम करणारा मूल्यमापक सवलती वजा करतो हे खरे, पण तात्पुरत्या म्हणून. दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे ठेवण्यात किती फायदा आहे हे या दोन आकड्यांवरून कळावे.

बरे, हा मोफत महिना नक्की कुठे बसवला आहे यावरही बरेच अवलंबून असते. सुरुवातीला असेल तर सामान हलवण्याच्या खर्चाला हातभार लागतो. पण अशा करारात बहुधा मागच्या पानांवर एक कलम असते: मुदतीआधी घर सोडल्यास दिलेली सवलत परत करावी लागेल. आठव्या महिन्यात बदली झाली, तर मोफत महिन्याचे १०० परत, शिवाय करार मोडल्याचा दंड. म्हणजे ती सवलत नव्हती, उसने होते. महिना शेवटी असेल तर मालकाचे काम आणखी सोपे. मुदतीआधी गेलात की तो महिना तुम्हाला कधी मिळतच नाही. तिसरा प्रकार वाटून देण्याचा: दर महिन्याला ९१.६७ भरा. भाडेकरूच्या दृष्टीने हा सगळ्यात बरा, आणि म्हणूनच मागितल्याशिवाय तो सहसा मिळत नाही. यात भर म्हणजे अनामत रक्कम, एजंटची दलाली आणि उत्पन्नाची अट ही तिन्ही १०० वर मोजली जातात. मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवे अशी अट असेल तर ३०० दाखवावे लागते. खऱ्या भाड्यावर मोजले असते तर २७५ पुरले असते.

स्टुडिओलाच हे जास्त का लागते? व्यापारी भागातल्या एकखणी घरात माणूस वर्ष-दोन वर्षे राहतो. नोकरी बदलते, लग्न होते, एक खोली पुरेनाशी होते. कुटुंब पाच वर्षे राहिले तर पहिल्या वर्षाची सवलत आणि दुसऱ्या वर्षाची उडी यांचा परिणाम पाच वर्षांत पसरतो. स्टुडिओवाल्याच्या वाट्याला मात्र नेमकी ती उडीच येते. राहावे तर साडेचौदा टक्के, जावे तर ट्रक, नवी अनामत, नवी दलाली. मालकाला हे ठाऊक असते.

भाड्याच्या आकड्याचा दुसरा थर शुल्कांचा. जिम आणि तरणतलावासाठी सुविधा शुल्क, पार्सल खोलीचे शुल्क, कचऱ्याचे शुल्क, पाण्या-विजेचे बिल तयार करून पाठवण्याचे शुल्क (बिलाचे पैसे वेगळे), चावीच्या कार्डाचे, अर्जाचे, सामान आत आणताना लिफ्ट राखून ठेवण्याचे. प्रत्येक रक्कम इतकी लहान की तिच्यावरून वाद घालणे आपल्याला शोभत नाही असे वाटावे. पण जी टाळता येत नाही ती रक्कम शुल्क नसते, भाडेच असते. पोहणार नाही म्हणून तलावाचे पैसे वजा होणार आहेत का? नसतील तर ते भाड्यात धरून छापा. इंग्लंडने १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून घ्यायच्या शुल्कांची एक छोटी यादी करून बाकी सगळ्यांना बंदी घातली आणि बहुतेक घरांसाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यावर बांधली. मला संपूर्ण बंदीही नको. मालकाने हवी तेवढी शुल्के लावावीत. फक्त सक्तीचे प्रत्येक शुल्क जाहिरातीतल्या त्या एका आकड्याच्या पोटात असावे.

विमानाच्या तिकिटाचे हेच झाले होते. जाहिरातीत क्षुल्लक भाडे, आणि पैसे भरायच्या पानावर कर, विमानतळ शुल्क, इंधन अधिभार. युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने सांगितले की टाळता न येणारे कर आणि शुल्के धरून अंतिम किंमतच दाखवायची. कर्जाचे त्याहून जुने उदाहरण आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने कर्ज देणाऱ्यावर बंधन आले, की व्याज आणि कर्जासाठी आकारलेला इतर खर्च मिळून येणारा वार्षिक दर सांगायचा. टॉवरमालकांचे यावर म्हणणे असे: सगळे करारात लिहिलेले असते, ग्राहकाने वाचावे. ग्राहक वाचतोही. पण दहा टॉवरांचे दहा चाळीस-पानी करार वाचून, त्यातले मोफत महिने आणि शुल्के काढून, वेगवेगळ्या मुदतींना भागून तुलना करणे हे घर शोधणाऱ्याचे काम नव्हे. बाजारात तुलना व्हायची तर तराजू एक हवा.

तिसरा थर क्षेत्रफळाचा, आणि इथे स्टुडिओवर होणारा अन्याय चक्क भूमितीतून निघतो. मापन बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून केले आणि खोली ६ बाय ६ मीटर असली, तर कागदावर ३६ चौरस मीटर. भिंती २० सेंटीमीटरच्या धरा. आत उरते ५.६ बाय ५.६, म्हणजे ३१.३६. जवळजवळ तेरा टक्के भिंतींनी खाल्ले. हीच पद्धत १२ बाय १२ मीटरच्या मोठ्या घराला लावली तर १४४ चे १३४.५६ होतात, घट साडेसहा टक्क्यांची. घर जितके लहान तितका भिंतींचा वाटा मोठा. त्यामुळे मापनाच्या सैल पद्धतीचा चटका एकखणी घराला दुप्पट बसतो, आणि चौरस मीटरमागे सगळ्यात जास्त भाडे तेच घर देत असते.

आत उरलेल्या ३१ चौरस मीटरचेही काय होते ते पाहा. कोपऱ्यातला ६० बाय ६० सेंटीमीटरचा खांब आणि पाइपांचा शाफ्ट मिळून पाऊण-एक चौरस मीटर गेला. न्हाणीघर चार. दारातून आत येण्याची चिंचोळी पट्टी तीनेक. भिंतीलगतचा स्वयंपाकाचा ओटा तीन मीटर लांब, ६० सेंटीमीटर खोल, आणि त्यापुढे उभे राहायला एक मीटर जागा. म्हणजे जवळपास पाच. उरले साडेअठराच्या आसपास. दोन मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद पलंग, दोन्ही बाजूंना आणि पायथ्याशी वावरायला ६० सेंटीमीटर सोडून सव्वासात चौरस मीटर घेतो. बाकी सगळा संसार, टेबल, कपाट, बसायची जागा, कपडे वाळत घालायचा स्टँड, हे उरलेल्या अकरा-साडेअकरा चौरस मीटरांत. नमुना घर बघताना हे जाणवत नाही, कारण तिथला पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, आतली दारे काढून ठेवलेली असतात आणि एका भिंतीला आरसा असतो. कागदी चिकटपट्टी घेऊन जावे आणि आपल्या खऱ्या पलंगाची चौकट जमिनीवर आखावी. दार उघडून बघावे कशाला अडते. लेझर टेपने भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. एजंटला आवडत नाही, तेवढे सोसावे.

फ्रान्समध्ये मुख्य निवास म्हणून बिनफर्निचर दिलेल्या घराच्या भाडेकरारात राहण्याजोगे क्षेत्रफळ लिहावे लागते, आणि १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा त्यात मोजत नाहीत. २०१४ पासून तिथे असा हक्क आहे की प्रत्यक्ष जागा लिहिल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी निघाली, तर त्या प्रमाणात भाडे कमी करून मागता येते. जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये दहा टक्क्यांहून जास्त तफावत हा घरातला दोषच मानला. स्टुडिओला दहा टक्के म्हणजे तीन चौरस मीटर, जवळजवळ एक न्हाणीघर. तेव्हा मला फ्रेंचांची पाच टक्क्यांची रेघ पटते. आणि हा नियम फर्निचरसकट दिलेल्या घरांनाही लागू असावा, नाहीतर एक खुर्ची-टेबल टाकून मालक त्यातून निसटेल.

व्यापारी भागात आणखी एक भानगड आहे. कार्यालयांच्या रिकाम्या इमारतींची घरे करता यावीत म्हणून इंग्लंडने २०१३ मध्ये असा बदल नेहमीच्या पूर्ण परवानगीशिवाय करू दिला. कार्यालयाचा मजला खोल असतो, उजेड मात्र खिडकीच्या उंचीच्या दोन-अडीचपटच आत पोचतो; २.७ मीटर उंच काच असेल तर साडेपाच ते पावणेसात मीटर. मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात जी घरे निघाली त्यातल्या काहींना खिडकीच नव्हती. ऑगस्ट २०२० पासून तिथे पुरेसा नैसर्गिक उजेड सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२१ पासून राष्ट्रीय जागामानक, म्हणजे एका माणसाच्या घराला किमान ३७ चौरस मीटर. मधली सात-आठ वर्षे जी घरे बांधली गेली ती तशीच आहेत. वरातीमागून घोडे.

आता खिडकी. जमिनीपासून छतापर्यंत काच हा या घरांचा मुख्य दागिना. ५.६ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच म्हणजे १४ चौरस मीटर काच. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारच्या उन्हात उभ्या काचेवर चौरस मीटरमागे ६०० वॉट सहज पडतात. काच चांगली, उष्णतेचा तीस टक्केच भाग आत सोडणारी धरली तरी १४ गुणिले ६०० गुणिले ०.३, म्हणजे अडीच किलोवॉट उष्णता एका खोलीत येते. साडेतीन किलोवॉट म्हणजे एक टन; त्या हिशेबाने पाऊण टन एसी केवळ काचेची चूक निस्तरायला. आतून पडदा ओढला तर थोडा फरक पडतो, पण उष्णता काच ओलांडून आत आलेली असते. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या सुरक्षेसाठी बहुधा दहा सेंटीमीटरच उघडतात आणि घराला एकच बाजू मोकळी असते, त्यामुळे वारा आरपार जाण्याचा प्रश्नच नाही. काच किती आणि कुठल्या दिशेला हे ठरवले मालकाने. बिल भरतो भाडेकरू. हे बिल किती, हे जाहिरातीत कुठेच नसते.

इमारतीचा थंड पाण्याचा सामाईक प्लांट असेल तर बिल दोन तऱ्हांनी येते. एकीत घराला स्वतःचा ऊर्जा मीटर असतो, तो आत-बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक आणि प्रवाह मोजतो. दुसरीत मीटरच नसतो. सगळ्या इमारतीचे बिल क्षेत्रफळाने वाटले जाते. दिवसभर कार्यालयात असणारा माणूस मग लॉबी, जिम आणि शेजाऱ्याचा चोवीस तास चालणारा एसी यांचा वाटेकरी होतो. युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशाने अनेक घरांच्या इमारतींत सामाईक उष्णता आणि शीतलीकरणासाठी २०१६ अखेर घरागणिक मीटर बसवायला सांगितले, तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि परवडणारे असेल तिथे. नव्या टॉवरमध्ये ते शक्य नाही असे कोण म्हणेल? मीटर असला तरी दोन गोष्टी तपासाव्यात. वापर शून्य असला तरी स्थिर आकार किती पडतो. आणि रात्री एसी पूर्ण बंद करून मीटरचा आकडा टिपावा, सकाळी पुन्हा बघावा. आकडा पुढे सरकला असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. न वापरलेल्या थंडाव्याचे पैसे महिनोन्‌महिने जात राहतात आणि बिलात ते कळत नाही. मागच्या भाडेकरूची बारा महिन्यांची बिले, नाव खोडून, नव्याला दाखवणे सक्तीचे केले तर या परिच्छेदातले निम्मे प्रश्न सुटतील.

लिफ्टबद्दल थोडक्यात. राहत्या इमारतीत पाच मिनिटांत रहिवाशांपैकी साधारण ५ ते ७ टक्के लोक नेता येतील एवढ्या लिफ्ट धरतात. व्यापारी भागातल्या स्टुडिओ टॉवरमध्ये मात्र सगळे एकाच वयाचे, सगळ्यांची कचेरी एकाच वेळी भरते. तीन लिफ्टपैकी एक सामान हलवणाऱ्याने राखलेली, एक दुरुस्तीला, म्हणजे सव्वानऊला लॉबीत तीस जण आणि एक लिफ्ट. वर्षा-दोन वर्षांत घरे बदलणाऱ्यांच्या इमारतीत कोणी ना कोणी कायम सामान हलवतच असते. घर बघायला दुपारी तीनला बोलावतात. सकाळी जावे, हातात घड्याळ धरून पाच फेऱ्या मोजाव्यात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे इतके लवकर दुसरीकडे कुठे कळत नाही.

या मागणीवरचे आक्षेप मला माहीत आहेत. त्यातला सर्वांत दमदार असा: नव्या टॉवरला पहिल्या वर्षी तीनशे घरे एकदम भरायची असतात, तेव्हा भाडे खरोखरच कमी घ्यावे लागते, पुढच्या वर्षी ते बाजारभावाला येणार हे उघड आहे. तो कमी आकडाच कायमचा पाया धरलात तर मालक सवलत देणारच नाहीत, आणि कर्ज न मिळाल्याने काही टॉवर उभेच राहणार नाहीत. पहिला भाग मला मान्य आहे. म्हणून मी वाढीवर कमाल मर्यादा मागत नाही. मालकाने हवे तर साडेचौदा टक्के वाढवावे. फक्त पत्रात ‘साडेचौदा टक्के’ असे लिहावे, ‘पाच’ नव्हे, आणि ते पत्र नव्वद दिवस आधी यावे. न्यू यॉर्क राज्याने जून २०१९ मध्ये नियंत्रित भाड्याच्या घरांसाठी याहून पुढचे पाऊल टाकले: भाडेकरू प्रत्यक्षात जे सवलतीचे भाडे भरत होता त्यावरच नूतनीकरणाची वाढ मोजायची, कागदावरच्या कमाल भाड्यावर नाही. ते नियंत्रित घरांचे झाले. खुल्या बाजारात निदान टक्केवारी तरी खऱ्या पायावर असावी. आणि कायद्यात ‘भाडे’ हा शब्द मोघम ठेवून चालणार नाही. मोफत महिना, भेटकार्ड, माफ केलेले पार्किंग, सगळे पैशांत मोजून वजा करायचे असे स्पष्ट लिहावे लागेल, नाहीतर सवलत दुसऱ्या दाराने येईल.

आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे टॉवर उभे राहणार नाहीत, हा मला तितकासा पटत नाही. ज्या टॉवरचे कर्ज १०० वर मंजूर होते आणि ९१.६७ वर होत नाही, त्याचा हिशेब मुळातच कच्चा आहे. तो कच्चेपणा बँकेला आधी कळला तर बिघडले कुठे?

‘श्रीमंतांचे दुखणे, सरकारने का बघावे’ हा आक्षेप चटकन पटतो. पण टॉवरचा फुगवलेला आकडा टॉवरपुरता राहत नाही. शेजारच्या जुन्या, चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा मालक भाडे ठरवताना त्याच जाहिराती बघतो. भाड्याच्या सरासऱ्या काढणाऱ्यांच्या हाती बहुतेक तोच छापील आकडा लागतो. भाडे सुचवणारी सॉफ्टवेअरही मालकांकडच्या भाड्याच्या माहितीवर चालतात. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा एका कंपनीवर मालकांची आपसांतली स्पर्धा मारल्याचा दावा लावला. कुणीच न भरलेले १०० अशा रीतीने सगळ्या भागाचा ‘बाजारभाव’ होऊन बसते, आणि ज्याला मोफत महिना कधी मिळालाच नाही तोही ते भरतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर करारातच एक ओळ मागता येते: ‘नूतनीकरणाची वाढ मुदतीत प्रत्यक्ष भरलेल्या रकमेच्या मासिक सरासरीवर मोजली जाईल.’ मालकाचा माणूस बहुधा म्हणतो की छापील करारात बदल होत नाही. मग मोफत महिना नको, भाडेच ९२ लिहा म्हणावे. यात मालकाचे वर्षाला चार वाढतात, तरी तो नाही म्हणतो, आणि का म्हणतो हे वर आलेच आहे. तेही नाही तर सवलत बारा महिन्यांत वाटलेली धरावी, म्हणजे मधेच घर सोडावे लागले तर परत करायचे ते राहिलेल्या महिन्यांइतकेच, असे लिहून घ्यावे. अनामत तरी सरासरीवर घ्या, एवढे बहुधा मान्य होते.

आणि नूतनीकरणाचे पत्र हातात पडेल त्याच दिवशी त्याच इमारतीची नव्या भाडेकरूंसाठीची जाहिरात शोधावी. तुम्हाला १०५ सांगणारा टॉवर तसाच स्टुडिओ नव्याला १०० ला, एक महिना मोफत ठेवून भाड्याने देत असेल, तर नव्याकडून मालकाला वर्षाचे ११०० मिळणार आहेत. मध्ये घर एक महिना रिकामे राहिले तर १०००, त्यातून रंग, साफसफाई आणि दलाली वजा. ९५ ला राहायला तयार असलेला जुना भाडेकरू त्याला ११४० देतो.